तांग घोडा आधी पोटाखालून पाहावा

चीनच्या तांग काळातला (इ.स. ६१८–९०७) मातीचा घोडा समोर आला की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. मधासारखा तपकिरी, हिरवा, साईसारखा पांढरा, आणि या तिघांचे एकमेकांत मिसळलेले ओघळ. नकला करणाऱ्यांनाही हे चांगलं माहीत आहे. रंग जमवण्यासाठी त्यांनी शंभरेक वर्षं मेहनत घेतली आहे. घोड्याच्या पोटाच्या आतल्या बाजूवर मात्र फारशी कुणी घेतलेली नाही. म्हणून परीक्षा तिथून सुरू करायची: पोट, खूर, चिकटलेली माती, साज, आणि सगळ्यात शेवटी रंग. लिलावाच्या दालनात, संग्रहालयात किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यात असा घोडा पाहायची वेळ आली, तर कशानंतर काय पाहायचं ते पुढे दिलं आहे.

काळ ठरवा: रिकीब आहे का?

विकणारा ‘हान घोडा’ म्हणतो की ‘तांग घोडा’, याने फार फरक पडतो. आणि हे दोन मिनिटांत तपासता येतं.

थडग्यात मातीचे घोडे पुरायची चाल तांगपेक्षा आठशे वर्षांनी तरी जुनी. त्यातले सर्वांत प्रसिद्ध घोडे चिन राजवटीचा पहिला सम्राट शिहुआंगदी (मृत्यू इ.स.पू. २१०) याच्या मातीच्या सैन्यातले. शिआनजवळ १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैन्य सापडलं. तिथले घोडे जवळपास खऱ्या मापाचे आहेत आणि त्यांची माती राखाडी. स्वारांच्या घोड्यांवर खोगीर घडवलेलं दिसतं, पण रिकीब, म्हणजे स्वाराने पाय अडकवायची कडी, कुठेच नाही. हान काळात (इ.स.पू. २०६–इ.स. २२०) शिआनच्या आसपास राखाडी मातीचे, वर रंग दिलेले लहान घोडे आढळतात. नैर्ऋत्येला सिच्वानमध्ये मोठे, डोकं-मान वेगळी करून धडावर बसवलेले घोडे आढळतात. त्यांनाही रिकीब नाही.

चीनमध्ये रिकिबीचा पहिला ठोस पुरावा चांगशा इथल्या ३०२ सालच्या थडग्यातल्या मातीच्या स्वारांवर मिळतो. तीही एकाच बाजूला, डावीकडे, आखूड, म्हणजे फक्त चढायच्या कामाची. दोन्ही बाजूंच्या खऱ्याखुऱ्या रिकिबींची जोडी ईशान्य चीनमधल्या फेंग सुफूच्या ४१५ सालच्या थडग्यातून निघाली. याचा अर्थ सरळ आहे: घोडा ‘हान’ म्हणून विकायला ठेवलाय आणि खोगिराखाली रिकिबी लोंबतायत, तर पुढे काही बघायची गरज नाही. उलट मात्र खरं नाही. तांग घोड्यावर रिकीब नसली म्हणून तो खोटा ठरत नाही. अनेकांच्या पाठीवर नुसतं खोगीर असतं, काही तर पूर्ण मोकळ्या पाठीचे असतात.

मधल्या काळातला, उत्तर वेई राजवटीचा (३८६–५३४) घोडा ओळखणं सोपं आहे. डोकं इवलंसं, मान कमानीसारखी, अंगावर झूल आणि लटकनांचा भार, माती गडद राखाडी. सजावट घोड्यापेक्षा मोठी वाटते. तांग घोडा याच्या उलट असतो. तिथे साज कमी आणि घोडा जास्त: छाती भरलेली, पुठ्ठे गोल, गालाचं हाड उठून दिसणारं, नाकपुड्या फुगलेल्या. मध्य आशियातल्या फर्गाना खोऱ्याच्या उंच घोड्यांचं वेड चिनी दरबाराला हान काळापासून होतं. त्या घोड्यांसाठी इ.स.पू. १०४–१०१ मध्ये लढाईसुद्धा झाली. तांगच्या सरकारी कुरणांत तर सातव्या शतकाच्या मध्याला ७ लाख ६ हजार घोडे असल्याची नोंद आहे. घोड्याचं अंग हाताखालून गेलेल्या समाजात ही मूर्ती घडली. म्हणून तिच्यात घोड्याच्या शरीराची चूक आढळली की शंका घ्यायलाच हवी.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. बहुरंगी झिलईचं (झिलई म्हणजे मातीवर भाजून बसवलेला काचेसारखा थर) हे काम, ज्याला ‘सान्साई’ म्हणजे तिरंगी म्हणतात, तांग राजवट सुरू झाल्याबरोबर आलं नाही. तारीख पक्की ठाऊक असलेल्या थडग्यांपैकी ली फेंग या राजपुत्राचं ६७५ सालचं थडगं सान्साईच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांसाठी ओळखलं जातं. यातलं उत्तम काम साधारण ६९० ते ७५५ या काळातलं. ७५५ मध्ये आन लुशानचं बंड झालं, राजधान्या लुटल्या गेल्या आणि असले महागडे विधी पुरवणारा वर्गच खिळखिळा झाला. त्यामुळे ‘तांग राजवटीच्या आरंभीचा सान्साई घोडा’ किंवा ‘नवव्या शतकाच्या अखेरचा भव्य सान्साई घोडा’ अशी चिठ्ठी दिसली की भुवई वर जायला हवी.

उंची मोजा

टेप आणा. थडग्यात कोणी किती मूर्ती ठेवायच्या याचे तांग सरकारचे नियम होते. तिसऱ्या दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याला ९०, पाचव्यापर्यंत ६०, नवव्यापर्यंत ४०. घोडे आणि काही मुख्य मूर्ती एक छी उंच असाव्यात असंही लिहिलेलं होतं. तांगचा छी म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर. पुढे ७४१ च्या फर्मानाने संख्या घटवून ७०, ४० आणि २० केली आणि सामान्य माणसाला १५ ची मुभा दिली. सगळं साध्या मातीचं असावं. लाकूड, सोनं, चांदी, तांबं, कथील चालणार नाही, असंही बजावलं.

आता प्रत्यक्ष घोडे बघा. ५० ते ७० सेंटीमीटरचे भरपूर आहेत, त्याहून मोठेही आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये लिउ टिंगश्युन या ७२८ मध्ये वारलेल्या सेनानीच्या थडग्यातला म्हणून १३ मूर्तींचा संच आहे. त्यातल्या सर्वांत उंच मूर्ती मीटरभराच्या घरात जातात. नियम होते आणि ऐपतवाले ते सर्रास मोडत होते. आजच्या लग्नाच्या मांडवाची गोष्ट काही वेगळी नाही. म्हणून उंचीवरून खरं-खोटं ठरत नाही, पण घराणं किती वजनदार होतं याचा अंदाज येतो. शिवाय ३० सेंटीमीटरचा साधा, एकरंगी घोडा ‘हलका’ म्हणून बाजूला सारायची चूक होत नाही. नियमाला धरून असलेला घोडा तोच.

घोडा एकटा नसायचाही. ठराविक मांडणीत घोड्यांची जोडी, उंटांची जोडी आणि त्यांचे मोतद्दार, म्हणजे जनावरं सांभाळणारे नोकर, असत. मोतद्दार बहुधा मध्य आशियाई चेहऱ्याचे, दाढीवाले. त्यांची मूठ वळलेली असते आणि मुठीत लगामाची दोरी जाईल एवढं भोक किंवा पोकळी असते. दोरी कधीच कुजून गेली. मुठीतली ती पोकळी माती घालून बुजवलेली दिसली, तर समजा दुरुस्तीवाल्याला ती कशासाठी आहे हे कळलं नव्हतं.

घोडा कसा घडवला जायचा

हे कळल्याशिवाय पोटाखाली काय बघायचं ते कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

माती: सान्साईच्या चांगल्या कामाला केओलिनयुक्त (केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती), भाजल्यावर पांढुरकी, पिवळट किंवा फिकट गुलाबी होणारी माती वापरत. हेनानमध्ये गोंगयीच्या आणि शाआन्शीमध्ये हुआंगबाओच्या भट्ट्यांच्या जागा खोदकामात सापडल्या आहेत. शिआन शहराच्या हद्दीतही भट्टी मिळाली आहे. माती पांढुरकी का हवी? झिलई पारदर्शक असते, म्हणून. लाल मातीवर तीच हिरवी झिलई मळकट दिसते. लाल माती असेल तर आधी पांढऱ्या मातीच्या घोळाचा हात द्यावा लागतो.

साचा: धड दोन अर्ध्या साच्यांत दाबून करत. ओली माती साच्यात बोटांनी थापायची, थोडी सुकली की दोन्ही अर्धे बाहेर काढून मातीच्या दाट घोळाने जोडायचे. डोकं, मान, पाय, शेपूट वेगळे. मग कान, खोगीर, लटकनं चिकटवायची. शेवटी सगळा घोडा पातळ आयताकृती पाटावर उभा करायचा. पोटाखाली एक मोठं, ओबडधोबड लंबगोल भोक ठेवत. त्यातून हात घालून आतला सांधा दाबता येतो आणि भट्टीत कोंडलेली वाफ बाहेर पडते. हे भोक नसतं तर बंद पोटाचा घोडा भट्टीत फुटला असता. मातीत उरलेल्या पाण्याची वाफ सगळ्यात आधी जाड भागात, म्हणजे छातीत आणि पुठ्ठ्यात, दाब धरते.

पहिली भाजणी: बिनझिलईचा घोडा साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला भाजत.

झिलई: शिशाचं ऑक्साइड आणि गारेची भुकटी हा पाया. शिशाचं वजन निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. रंगासाठी थोडी धातूंची भर: तांब्याने हिरवा, लोहाने मधाळ तपकिरी, कोबाल्टने निळा. कोबाल्ट दुर्मिळ आणि महाग, म्हणून निळा घोडा विरळा. आणि म्हणूनच नकलांच्या बाजारात निळे घोडे उगाच जास्त दिसतात.

दुसरी भाजणी: ८०० ते ९०० अंशांना. शिशाची झिलई या तापमानाला पातळ होऊन खाली वाहते. ओघळ त्यामुळेच येतात. कुंभार झिलई खुरांच्या वरच थांबवत असे, कारण ती पाटापर्यंत पोचली तर घोडा भट्टीच्या फरशीलाच चिकटून बसेल. म्हणून खूर, पाट आणि पोटाखालचा भाग बहुधा कोरा.

रंगकाम: खोगिरावर किंवा मोतद्दाराच्या चेहऱ्यावर बऱ्याचदा झिलई नसते. ते भाग भाजून झाल्यावर साध्या रंगांनी रंगवत. ते रंग मातीत घट्ट बसलेले नसतात. ओला फडका फिरवला की तेराशे वर्षांचा रंग फडक्यावर येतो.

आता परीक्षा: हा क्रम मोडू नका

साहित्य: १० पट भिंग, लहान टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, हाताचा छोटा आरसा, मोजपट्टी, मऊ गादी, आणि दोन माणसं. एकट्याने घोडा उलटा करू नका.

उचलताना एक हात पोटाखाली, दुसरा छातीखाली. पाय, शेपूट, मान, कान, खोगिराची कड यांना धरून कधीच नाही. हे भाग तुटून पुन्हा जोडलेले असायची शक्यता फार मोठी असते, आणि जुना डिंक किंवा इपॉक्सी कधी सुटेल याचा नेम नसतो. घोडा मऊ गादीवर कुशीवर निजवा. आडवा करायला मालक तयार नसेल, तर पाटाच्या बाजूने आरसा सरकवून टॉर्च मारा.

*भोकातून आत.* इथे सर्वांत जास्त वेळ द्या. खऱ्या घोड्याच्या आतल्या भिंतीवर बोटांनी दाबल्याच्या खाचा दिसतात. जाडी सारखी नसते. पाठीच्या कण्याजवळ दोन अर्धे जोडल्याची उंचवटलेली रेघ असते, तिच्यावर घोळ चोपडलेला असतो. आजची स्वस्त नक्कल बहुधा पातळ मातीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतून करतात. प्लास्टर पाणी शोषतं, सगळीकडे सारख्या जाडीचा थर बसतो, उरलेला घोळ ओतून टाकतात. त्यामुळे आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि बाहेरच्या आकाराची उलटी छाप आत तंतोतंत दिसते: बाहेर छाती फुगलेली तिथे आत खळगा, बाहेर वळ तिथे आत नाळी. खऱ्या घोड्यात आतला आकार बाहेरचा इतका इमानाने पाठलाग करत नाही. मात्र चांगला नक्कलकार हाताने थापूनही करतो, त्यामुळे ही चाचणी पास झाली म्हणजे घोडा पास झाला असं नाही.

*खूर आणि पाट.* झिलई कुठे थांबते ते चारही पायांवर बघा. खऱ्यावर ती वेगवेगळ्या उंचीला थांबते आणि कडेला थेंब जाडसर गोठलेला असतो. चारही पायांवर ब्रशने आखल्यासारखी एकाच उंचीची रेघ शंकास्पद. पाटाची कोरी माती कशी दिसते? जुनी माती कोरडी, किंचित खडूसारखी असते आणि तिच्यावर मुळांच्या वेड्यावाकड्या खुणा असू शकतात.

पाण्याचा थेंब टाकून ‘किती पटकन शोषला’ बघायची एक प्रसिद्ध युक्ती आहे. ती सोडून द्या. कमी तापमानाला भाजलेली कालची मातीसुद्धा थेंब तसाच पिते.

*चिकटलेली माती.* लोयांगच्या उत्तरेच्या मांगशान टेकड्या आणि शिआनचा परिसर, दोन्हीकडे पिवळसर, पिठासारखी बारीक वाऱ्याने आणलेली माती आहे. थडग्यात तीच शिरते. पाटाच्या तळाशी, जिथे रंग किंवा झिलई नाही अशा जागी, शुद्ध पाण्याने ओला केलेला कापूस टेकवा. खरी माती विरघळून पिवळा चिखल होते. डिंकाने चिकटवलेली माती पाण्याला दाद देत नाही. ॲसिटोनचा कापूस लावला की मऊ पडून पापुद्र्यासारखी उठते. ही चाचणी मालकाच्या परवानगीनेच करायची, आणि रंगकामाजवळ बिलकूल नाही.

*साज.* आता घोडा उभा करा. आपल्याकडे घोड्याच्या साजाला जे शब्द आहेत ते इथे जसेच्या तसे लागू पडतात, हे सोयीचं आहे. छातीवरचा पेशबंद आणि शेपटीखालून जाणारी दुमची यांवर पानाच्या आकाराची लटकनं असतात. खोगिराखाली नमदा, म्हणजे लोकरीची जाड गादी, त्यावर कधी चुणीदार कापड गाठ मारून टाकलेलं. प्रत्येक वादी कुठून निघून कुठे जाते याचा बोटाने हवेतच माग काढा. म्होरकीची वादी कानामागे जाऊन दुसऱ्या बाजूला येते का? दुमची खोगिराच्या मागच्या कडेला पोचते का? साचा घोड्याचा साज माहीत नसलेल्याने केला असेल, तर वादी मध्येच मरते किंवा मांसात घुसते. अशी चूक सापडली की रंग कितीही सुंदर असला तरी थांबा.

अयाळ दोन तऱ्हेची: मानेच्या एका बाजूला विंचरलेली, किंवा आखूड कातरून तीन दाते उभे ठेवलेली. या दुसरीला चिनीत ‘सान्हुआ’, तीन फुलं, म्हणतात. ती तांगच्या प्रतिष्ठित घोड्यांची खूण. सम्राट ताइझोंगच्या झाओलिंग समाधीवरच्या सहा दगडी घोड्यांवरही ती आहे. (यातले चार आज शिआनमध्ये, दोन अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ संग्रहालयात.) शेपूट बहुधा आखूड, बांधलेली. काही घोड्यांच्या मानेवर अयाळीऐवजी लांब खाच आणि शेपटीच्या जागी भोक असतं. तिथे खरे केस खोचत असावेत. ही खाच म्हणजे तुटफूट नव्हे. ती प्लास्टरने भरून वर मातीची अयाळ घडवलेले घोडे बाजारात आढळतात आणि त्या ‘दुरुस्ती’ने चांगल्या वस्तूचं नुकसान केलेलं असतं.

*रंग आणि झिलई.* आता भिंग. शिशाची झिलई भाजून थंड होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं पडतं. जुन्या घोड्यावर हे जाळं फार बारीक असतं, काही ठिकाणी झिलईचे तुकडे उडालेले असतात आणि तड्यांत माती आत खोलवर बसलेली दिसते. पुरलेल्या शिशाच्या झिलईवर कधीकधी माश्याच्या खवल्यासारखी, इंद्रधनुषी चकाकी येते, कारण ओलाव्याने झिलईचा वरचा थर झिजून पातळ पापुद्रे बनतात. हान काळातल्या हिरव्या झिलईवर हीच झीज पुढे जाऊन चंदेरी दिसते. नव्या झिलईला एकसारखी, काचेची झगमग असते. ती मारायला आम्लाचा हात देतात. मग चकाकी सगळीकडे सारखीच मेलेली दिसते, पेशबंदाच्या आडोशालासुद्धा. खरी झीज जमिनीत कुठल्या बाजूवर माती दाबली होती यानुसार असमान असते.

लोयांगजवळच्या मेंगजिन भागातलं नानशिशान गाव सान्साईच्या नकलांसाठी शंभर वर्षांहून अधिक प्रसिद्ध आहे. तिथल्या नकला नकला म्हणूनच खुलेआम विकल्या जातात, आणि त्यातल्या चांगल्या फार चांगल्या असतात. घोळ होतो तो पुढे, चौथ्या-पाचव्या हातात कागद बदलल्यावर.

सगळं शाबूत असेल तर जास्त शंका घ्या

थडग्याचं छत कोसळतं, पाणी शिरतं, गाळ भरतो, घोडा आडवा पडतो. कान, शेपूट आणि पाय आधी तुटतात. शिवाय या वस्तूंची पहिली मोठी लाट बाहेर आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लोयांगकडे रेल्वे टाकताना मांगशानच्या टेकड्या खणल्या गेल्या तेव्हा. त्या काढणीत कोणी हळुवारपणा दाखवला नव्हता. ‘तांग सान्साई’ हे नावसुद्धा त्यानंतरच रूढ झालं. तोवर थडग्यातली वस्तू घरात ठेवणं चिनी संग्राहकाला अशुभ वाटे. तेव्हा जोडलेले पाय ही सामान्य गोष्ट आहे. एकही जोड नसलेला मोठा घोडा ही असामान्य.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावा. आधुनिक डिंक, भराव आणि वरून फवारलेला रंग बहुधा मूळ झिलईपेक्षा वेगळा, दुधाळ चमकतो. गुडघे, खुरांच्या वरचे सांधे, मानेचा खालचा भाग आणि कानांची मुळं आधी बघा. दुरुस्ती किती आहे याहून ती कुठवर पसरली आहे हे महत्त्वाचं. दोन सेंटीमीटरची भेग लपवायला दहा सेंटीमीटर फवारा मारलेला असतो, आणि त्याखाली अस्सल झिलई शाबूत असते. पायाचे तुकडे जुळवले असतील तर किंमत थोडी उतरते. डोकंच दुसऱ्या घोड्याचं असेल तर ती वस्तू ‘एक घोडा’ राहत नाही.

प्रयोगशाळा काय सांगू शकते

तापदीप्ती चाचणीचं तत्त्व सोपं आहे. मातीतले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण आसपासच्या किरणोत्सर्गातून वर्षानुवर्षं थोडी थोडी ऊर्जा साठवतात. भट्टीत भाजताना हा साठा शून्य होतो आणि मग पुन्हा भरू लागतो. नमुना ५०० अंशांच्या आसपास तापवला की साठा उजेडाच्या रूपाने सुटतो. जितका उजेड, तितका शेवटच्या भाजणीनंतरचा काळ. नमुना मंद लाल प्रकाशात काढतात, कारण उजेडानेही साठा कमी होतो. २–३ मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने कोऱ्या, न दिसणाऱ्या जागेतून चिमटीभराहून कमी भुकटी पुरते.

उत्तर वर्षात मिळत नाही, टप्प्यात मिळतं. ‘१००० ते १५०० वर्षांपूर्वी शेवटचं भाजलेलं’ हे तांगशी जुळणारं उत्तर. घोडा ७२० चा की ७५० चा हे त्यातून कळत नाही.

चाचणी फसते ती बहुधा माणसाने फसवल्यामुळे. नमुना एकाच जागेतून घेतला आणि तो भाग जुन्या भांड्याच्या तुकड्यातून कोरून बसवलेला असला, तर निकाल ‘जुना’ येणारच. म्हणून धड, डोकं आणि किमान एका पायातून वेगवेगळे नमुने मागा. क्ष-किरणांनी कृत्रिमरीत्या साठा भरून देण्याची हातचलाखीही होते. अहवाल मिळाला की त्यातला फोटो आणि नमुन्याच्या जागा प्रत्यक्ष घोड्याशी ताडून पाहा: ड्रिलची भोकं तिथे आहेत का? खऱ्या घोड्याचा अहवाल त्याच्या जुळ्या नकलेसोबत फिरवणं ही जुनी खेळी.

सीटी स्कॅन किंवा एक्स-रे आतल्या धातूच्या सळ्या, प्लास्टरचे भराव आणि परकी डोकी एका नजरेत दाखवतो. पण त्याची मात्रा तापदीप्तीच्या हिशेबात मिसळू शकते. आधी नमुने, मग एक्स-रे.

कागदपत्रं

१२ डिसेंबर १९८९ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाकडचा एक सान्साई घोडा ३७ लाख ४० हजार पाउंडांना गेला. या आकड्याने जगभरच्या कबरी खणणाऱ्यांना काय संदेश मिळाला असेल ते वेगळं सांगायला नको.

आज चीनमधून १९११ किंवा त्याआधीच्या पुरावस्तू बाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेने चीनशी जानेवारी २००९ मध्ये केलेल्या करारात तांगच्या अखेरपर्यंतच्या, म्हणजे ९०७ पर्यंतच्या, पुरातत्त्वीय वस्तूंच्या आयातीवर बंधनं घातली. तांग घोडा त्यात येतो. व्यवहारात उपयोगी पडणारी तारीख १९७० ची, कारण चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा. त्याआधी घोडा चीनबाहेर होता हे दाखवणारं जुनं बिल, प्रदर्शनाची छापील यादी किंवा तारखेचा फोटो मागा. ‘आजोबांनी हाँगकाँगहून आणला’ याला कागदाची जोड नसेल तर ती गोष्टच.

भारतात आणलेल्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदाही पाहावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं त्याच्या व्याख्येत येतात, आणि अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. मुंबईत आणलेला घोडा पुढे मुलाकडे न्यू जर्सीला पाठवू, असा बेत असेल तर तो खरेदीच्या आधीच तपासून घ्या.

घरात ठेवताना

कोकणपट्टी आणि मुंबईचा पावसाळा हा घोड्याचा मोठा शत्रू. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या मातीत क्षार मुरलेले असतात. हवा दमट झाली की ते विरघळतात, कोरडी झाली की पृष्ठभागाजवळ पुन्हा स्फटिक बनून झिलई आतून ढकलतात. पांढरी भुकटी दिसू लागली तर पुसू नका, संवर्धकाला दाखवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर ठेवायची. दिवसा एसी आणि रात्री उघडी खिडकी हा सर्वांत वाईट प्रकार.

काचेची घट्ट बंद पेटी आणि तिच्यात ५० टक्के आर्द्रतेला तयार केलेलं सिलिका जेल, एका घनमीटरला साधारण २० किलो. पेटी ६० × ४० × ६० सेंटीमीटर असेल तर आकारमान ०.१४४ घनमीटर, म्हणजे जेमतेम ३ किलो जेल लागेल. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. पेटीत आकड्यांचा आर्द्रतामापक ठेवा. नवं प्लायवूड वापरू नका. त्यातून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफा शिशाला मानवत नाहीत.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने, फक्त झिलईवरून. रंगवलेल्या खोगिरावरून ब्रशही नाही. झिलईत शिसं आहे, तेव्हा उडालेले कण गोळा करून डबीत ठेवा, हात धुवा, आणि लहान मुलांच्या हाताला येईल असा घोडा मांडू नका.

घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी चारही बाजूंनी, वरून आणि पोटाखालून फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. प्रत्येक भेगेचं टोक कुठे संपतं ते फोटोवर खुणेने दाखवा, तारीख घाला. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच भेग त्याच खुणेशी मोजा. ती पुढे सरकली असेल तर पेटीतली आर्द्रता सांभाळली जात नाही. आधी जेल पुन्हा तयार करून घ्या, मग संवर्धकाला फोन करा.